नाडी छत्तीसवर आली तेव्हा

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पैठण तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची शेती करतात. तेव्हा त्यांचं वय ६४ होतं आणि साखरेचा आजार बऱ्याच वर्षांचा. मी छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. कापसाची वेचणी चालू असताना अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. रक्तवाहिनी बंद पडते, स्टेंट टाकतात, इथवर मला माहीत होतं. त्याच झटक्यानं हृदयातली वीज बिघडते, आणि हा बिघाड एका माणसात चार दिवसांत मिटतो तर दुसऱ्याला जन्मभर पुरतो, हे आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून कळलं. ज्यांच्या घरात अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सकाळी अण्णांच्या बेंबीच्या वर जड वाटायला लागलं, मळमळलं, दोनदा उलटी झाली. आईनं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पित्त खवळलंय." लिंबूपाणी घेतलं आणि गोठ्याकडे निघाले. तिथंच घेरी येऊन खाली बसले. अंगावरचा सदरा घामानं ओलाचिंब, हातपाय गार. छातीत कळ म्हणून काही नव्हती. साखर असलेल्या माणसात ती बरेचदा नसतेच, आणि हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या दुखण्यासारखाच भासतो. शेजारच्या एकानं जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आणली होती. माझ्या भावानं ती दिली नाही, अण्णांना गाडीत घातलं आणि सरळ पैठण गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पुढं सांगितलं की ते बरंच झालं. रक्तदाब ८० वर होता. त्या गोळीनं तो आणखी कोसळला असता.

पैठणला ईसीजी निघाला. खालच्या भिंतीकडे पाहणाऱ्या तिन्ही लीडमध्ये रेघ उचललेली होती. डॉक्टरांनी नाडी मोजली, ३६. अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, बाकीच्या गोळ्या दिल्या, सलाईन लावलं आणि १०८ ची अँब्युलन्स बोलावली. बिडकीन ओलांडून ती शहरात येईपर्यंत मी दवाखान्याच्या दारात उभी होते. जालना, बीड, परभणी, थेट बुलढाण्यापर्यंतचे रुग्ण या शहरात येतात, कुणी घाटी या सरकारी दवाखान्यात, कुणी खासगी दवाखान्यांत. आम्ही ज्या दवाखान्यात होतो तिथंही अशीच चहूकडची माणसं होती.

अण्णांना आत घेतलं तेव्हा मॉनिटरवर दोन वेगवेगळे हिशेब चालले होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके मिनिटाला ८० च्या पुढं, खालच्या कप्प्यांचे ३६, आणि दोघांचा एकमेकांशी काही मेळ नाही. डॉक्टर म्हणाल्या, "वरचा निरोप खाली पोचत नाहीये. तात्पुरता पेसमेकर टाकतो आणि लगेच अँजिओग्राफीला घेतो." मांडीच्या शिरेतून एक बारीक तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सरकवली, तिचं दुसरं टोक उशाशी ठेवलेल्या डबीला जोडलं आणि नाडी ७० वर आणली. मग अँजिओग्राफीत उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद सापडली. ती उघडून स्टेंट टाकला.

मला वाटलं, वाहिनी उघडली म्हणजे आता वीजही चालू होईल. तसं लगेच झालं नाही. संध्याकाळी सिस्टरनं डबीचा वेग कमी करून पाहिला, आतली नाडी अजून चाळिशीच्या आतच होती. मी डॉक्टरांना विचारलं, रक्त सुरू झालंय तर मग आता काय अडलंय? त्यांनी कागदाच्या पाठीमागं हृदय काढलं आणि समजावलं.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशी पेशींचा एक पुंजका आहे. तो मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची लहर सोडतो. ती वरच्या कप्प्यांत पसरते आणि दोन्ही मजल्यांच्या मधल्या दुसऱ्या पुंजक्यापाशी येऊन क्षणभर थांबते. सेकंदाचा दहावा हिस्सा, साधारण तेवढाच हा थांबा. तेवढ्यात वरचे कप्पे रक्त खाली ढकलून मोकळे होतात. पुढं ती एका जाड जुडीतून उतरते, मधल्या पडद्यात जुडीच्या डाव्या-उजव्या फांद्या होतात आणि त्यांच्या बारीक तंतूंतून लहर दोन्ही खालच्या कप्प्यांच्या स्नायूंत जवळजवळ एकाच वेळी पोचते. ही वाट शोधायला माणसांना बराच काळ लागला. शेवटचे बारीक तंतू पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाहिले, जुडी विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये, मधला पुंजका सुनाओ तावारा या जपानी संशोधकानं १९०६ मध्ये जर्मनीत दाखवला आणि वरचा पुंजका कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये. म्हणजे लहर ज्या क्रमानं खाली येते, त्याच्या जवळजवळ उलट्या क्रमानं ही वाट सापडत गेली.

महत्त्वाची गोष्ट पुढची. हे पुंजके आणि या फांद्या हृदयाच्या मांसाहून वेगळ्या नाहीत. त्याही स्नायूच्याच पेशी आहेत, वीज वाहून नेण्यासाठी घडलेल्या. त्यांनाही रक्त लागतं. मधल्या पुंजक्याला बहुतेक माणसांत उजव्या वाहिनीतून रक्त मिळतं. अण्णांची तीच बंद पडली होती. पण हा पुंजका चिवट असतो. त्याला आजूबाजूनंही थोडं रक्त मिळत राहतं. शिवाय खालच्या भिंतीला इजा झाली की शरीरातल्या ज्या मज्जातंतूंमुळे ठोके मंद होतात ते खवळतात, आणि इजा झालेल्या पेशींतून पाझरलेली द्रव्यंही पुंजक्याला सुस्त करतात. म्हणून तो गप्प होतो, पण मरत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "तो बधिर झालाय, मेला नाहीये. थांबावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी पैठणचा ईसीजी घेऊन पट्टीनं मोजायला बसले. या कागदावर प्रत्येक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा असतो, मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. वरच्या कप्प्यांचा छोटा उंचवटा दर १८ बारीक चौकोनांनी येत होता. खालच्या कप्प्यांचं टोकदार शिखर दर ४२ चौकोनांनी. १५०० ला या आकड्यांनी भागलं की मिनिटाचे ठोके मिळतात, ८३ आणि ३६. काही उंचवटे शिखराच्या पोटात लपले होते, काही त्याच्या उतारावर बसले होते, पण त्यांचं अंतर ढळत नव्हतं. वरचे कप्पे आपलं काम चोख करत होते. खाली कुणी ते ऐकत नव्हतं, म्हणून वाटेतली जुडी आपल्याच बळावर मंद ठोका देऊन माणूस तगवत होती. ही सोय प्रत्येकाच्या हृदयात असते. वरचा पुंजका थांबला किंवा वाट बंद पडली तर खालचा कुणीतरी उठतो, जितका खालचा तितका मंद. जुडीच्या जवळून उठलेला ठोका साधारण ४० ते ६०, अगदी खालच्या स्नायूतून उठलेला २० ते ४०. अण्णांचं शिखर दोन बारीक चौकोनांइतकं अरुंद होतं. त्यावरून डॉक्टरांना कळलं होतं की अडथळा वरच्या बाजूला आहे आणि खालच्या फांद्या शाबूत आहेत.

पुढच्या दिवसांत तो पुंजका कसा जागा झाला हे मी रोजच्या कागदावर पाहिलं. आधी दोन उंचवट्यांमागं एक शिखर यायला लागलं. मग एक सुंदर नमुना दिसला. उंचवटा आणि शिखर यांच्यातलं अंतर सहा चौकोन, मग सात, मग नऊ, आणि त्यानंतरचं शिखर गायब. पुन्हा सहापासून सुरुवात. पुंजका दर ठोक्याला थोडा जास्त दमत होता आणि एक ठोका सोडून देऊन पुन्हा उभा राहत होता. व्हेन्केबाख या डच डॉक्टरांनी हा नमुना १८९९ मध्ये ओळखला होता, ईसीजी यंत्र यायच्या आधी, नुसत्या नाडीच्या आलेखावरून. नंतर प्रत्येक उंचवट्यामागं शिखर आलं, फक्त उशिरा. आणि एका सकाळी अंतर पाचवर आलं. तीन ते पाच म्हणजे ठीक. त्या दिवशी तार काढली. ठोके मंद ठेवणारी जी गोळी झटक्याच्या रुग्णाला देतात, ती अण्णांना तोवर मुद्दाम दिली नव्हती. ती त्यानंतर थोड्या मात्रेत सुरू केली.

शेजारच्या खाटेवर पन्नाशीच्या आतले एक गृहस्थ होते. वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर काम करायचे. रात्री छातीत कळ आली, ती त्यांनी पाळी संपेपर्यंत सोसली, घरी येऊन झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दम लागला तेव्हा दवाखान्यात आले. मी कागदावर पट्टी लावून बसते हे त्यांच्या पत्नीनं पाहिलं होतं. त्यांचा कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, "मॅडम, तुमच्या वडिलांचं जसं सुधारलं तसं यांचंबी होईल ना?"

मी कागद पाहिला. यांचं शिखर रुंद होतं, चार चौकोन, मधोमध दुभंगलेलं. मी त्यांना काही सांगितलं नाही, डॉक्टरांकडेच घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना बसवून स्पष्ट सांगितलं. झटका पुढच्या भिंतीचा होता. पुढची वाहिनी मधल्या पडद्यालाही रक्त देते, आणि जुडीच्या फांद्या त्याच पडद्यातून जातात. या फांद्या अशा सहजासहजी बंद पडत नाहीत. त्या बंद पडल्या याचा अर्थ त्यांच्याभोवतीचं मांस मोठ्या प्रमाणात गेलं आहे. रक्त थांबल्यावर साधारण अर्ध्या तासापासून स्नायूच्या पेशी मरायला लागतात. आतल्या अस्तराकडून सुरुवात होते आणि तासागणिक मरण बाहेरच्या बाजूला सरकतं. यांनी घरी काढलेल्या वेळात ते बरंच सरकलं होतं. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के निघालं. ५५ च्या वर असेल तर ठीक धरतात.

दोघांच्या केसपेपरवर निदानाची ओळ जवळजवळ सारखीच होती, झटका आणि त्याबरोबर वीज अडलेली. प्रकृतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. त्यांची नाडी एका रात्री एकदम २८ वर आली, तीही रुंद शिखराची, म्हणजे अगदी खालून उठलेली आणि कधीही थांबू शकेल अशी. त्यांनाही तात्पुरती तार टाकली. वाहिनी उघडली, दिवस गेले, पण वाट उघडली नाही. शेवटी कायमचा पेसमेकर बसवला. त्यांच्या पत्नीला भीती वाटत होती की छातीत यंत्र घेऊन माणूस किती जगणार. मी त्यांना स्वीडनच्या अर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर त्यांना मिळाला. यंत्रं बदलत बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. पण डॉक्टरांनी त्या बाईंना दुसरी बाजूही सांगितली. पेसमेकर ठोका देतो, मेलेलं मांस परत आणत नाही. हृदयाच्या स्नायूत नव्या पेशी इतक्या संथपणे तयार होतात की झटक्यात गेलेला भाग त्यांच्यानं भरून निघत नाही. तिथं काही आठवड्यांत व्रण धरतो. व्रण आकुंचन पावत नाही आणि वीजही नेत नाही.

अण्णा हे सगळं खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांनी त्यांच्या भाषेत मांडलं. "माय, चारीनं पाणी सोडलं तर टोकाच्या वाफ्याला बी येळेवर पोचतं. चारी बुजली तर ते ढेकळातून झिरपत जातं. पोचतं, पण एक वाफा भरतो तवा दुसरा कोरडा." मी हे डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की अगदी असंच आहे. फांद्यांतून लहर सेकंदाला काही मीटर वेगानं जाते, साध्या स्नायूतून तिच्या कितीतरी कमी वेगानं. म्हणून शिखर रुंद होतं. खालचे कप्पे एका दमात आकुंचन पावत नाहीत, एक बाजू आधी आणि दुसरी मागून. आधीच कमजोर असलेलं हृदय अशा बेमेळ ठोक्यांनी वर्षानुवर्षं चाललं की आणखी थकतं. म्हणजे मांस गेलं की वीज बिघडते, आणि वीज बिघडली की उरलेलं मांसही खचतं. म्हणूनच काही रुग्णांना दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ठोका देणारा वेगळा पेसमेकर लागतो. शेजारच्या गृहस्थांनाही सांगितलं होतं की काही महिन्यांनी पंपिंग पुन्हा पाहू आणि यंत्र बदलायचं का ते ठरवू.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी अण्णांना मधूनच धडधड व्हायला लागली. पुन्हा शहरात आणलं, छातीला इलेक्ट्रोड चिकटवून चोवीस तास ईसीजी टिपणारा होल्टर लावला. तेव्हा व्रणाची दुसरी बाजू समजली. पूर्ण मेलेला भाग विजेच्या दृष्टीनं मुका असतो. धोका त्याच्या काठावर असतो. तिथं मेलेल्या भागात जिवंत पेशींचे बारीक पट्टे अडकलेले राहतात. त्यांच्यातून लहर रेंगाळत जाते. ती बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचं मांस पुन्हा तयार झालेलं असतं, मग ती लहर तिथंच व्रणाभोवती फिरत राहते आणि नाडी एकदम दीडशे-दोनशेवर नेते. झटका येऊन वर्षं लोटल्यावरही असं होऊ शकतं. मोठा व्रण आणि ३५ टक्क्यांच्या आतलं पंपिंग असलेल्या अनेक रुग्णांना गरज पडताच आतून शॉक देणारं यंत्र बसवतात ते याचसाठी. पहिलं असं यंत्र माणसाला १९८० मध्ये बसवलं गेलं. अण्णांचा व्रण लहान होता, पंपिंग ५० टक्के. होल्टरमध्ये काही जादा ठोके निघाले, सलग धाव एकही नव्हती. गोळीची मात्रा वाढवली आणि धडधड कमी झाली.

या सगळ्यात आमच्या घरात एक भीती शिरली होती. ईसीजीत काही वेगळं दिसलं की झटका आला असं सगळे धरून चालायचे. माझ्या भाच्याच्या कंपनीतल्या तपासणीत उजवी फांदी बंद असल्याचं निघालं तेव्हा घरात रडारड झाली. एको काढला, हृदय ठणठणीत. तरुण, धडधाकट माणसांतही हे आढळतं. उलट माझ्या मावशीला झटका कधीच आला नाही, तरी तिला पेसमेकर आहे. वयाप्रमाणं तिच्या हृदयातली वीज नेणारी वाट तंतुमय होत गेली आणि एक दिवस बंद पडली. सांधेतापातही ही वाट मंदावते, बहुधा तात्पुरती. म्हणजे कागदावरची रेघ लहर कशी आणि किती वेळात गेली एवढं सांगते. ती का अडली, हे माणूस तपासून, एको पाहून, जुने कागद शेजारी ठेवूनच कळतं.

म्हणून आयसीयूबाहेर बसलेल्या कुणालाही मी आता चार प्रश्न विचारायला सांगते. झटका कुठल्या भिंतीचा? पंपिंग किती? शिखर अरुंद की रुंद? आणि वाट बधिर आहे की कायमची गेली आहे, हे ठरवायला किती दिवस थांबायचं? डॉक्टर कितीही घाईत असोत, हे प्रश्न विचारले की सांगतात. या उत्तरांवर घरच्यांचे निर्णय बरे होतात. कायमचा पेसमेकर घाईनं मागायचा नाही, आणि लागणार असेल तर टाळायचाही नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर पहिल्याच दिवशी रेशनकार्ड घेऊन जायचं. प्रत्येक ईसीजीवर तारीख-वेळ आहे का ते पाहायचं आणि सगळे कागद क्रमानं एका फाइलीत लावायचे. होल्टरच्या वेळी डॉक्टरांनी आधी अण्णांचे जुने कागदच मागितले होते.

अण्णा आज शेतात जातात, ओझं उचलत नाहीत, गोळ्या चुकवत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना दोन जिने चढले की दम लागतो, त्यांना कारखान्यानं बसून करायचं काम दिलं आहे. दोघांत एक फरक वाहिनीचा होता, तो कुणाच्या हातात नव्हता. दुसरा वेळेचा होता. पोटात जड वाटणं, दरदरून घाम आणि घेरी एवढ्यावर माझ्या भावानं गाडी काढली, म्हणून अण्णांचं मांस वाचलं, आणि मांस वाचलं तर वीज परतायला जागा राहते. साखर असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं होईल तेव्हा पित्त आहे की झटका याचा निकाल घरात लावत बसू नका. पाच मिनिटांत निघणारा ईसीजी जिथं मिळेल तिथं, जवळच्यात जवळच्या दवाखान्यात, त्याला तडक घेऊन जा.